ध्रुवावरचा ठिपका

मायक्रोस्कोपखाली मला पहिल्यांदा बॅक्टेरिया दिसले तेव्हा मी आनंदानं ओरडलेच होते, आणि ते बॅक्टेरिया नव्हतेच. बारीक बारीक ठिपके होते, सगळे जागच्या जागी थरथरत होते, आणि मला वाटलं झालं, जमलं आपल्याला. सर शेजारच्या टेबलावरून उठून आले, आयपीसला डोळा लावला, फोकसचं चाक केसभर फिरवलं आणि म्हणाले, "धूळ आहे ही. पाणी ढकलतंय म्हणून हलतीये. जिवंत असेल ते जागा सोडून जाईल, थांब जरा." मग थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मान अवघडून गेली, आणि मग त्या थरथरणाऱ्या गर्दीतून एक छोटीशी कांडी सरळ रेषेत सुळकन निघून गेली, मधेच अडखळली, गरकन वळली आणि भलत्याच दिशेला पळाली. तेव्हा मात्र मी ओरडले नाही, नुसती बघत राहिले.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनला १८२७ साली परागकणांमधले बारीक कण पाण्यात असेच नाचताना दिसले होते आणि त्यालाही आधी हाच प्रश्न पडला होता की हे जिवंत तर नाही ना. मग त्यानं काचेची पूड, दगडाची पूड, ज्यात जीव असायची काही शक्यताच नाही असल्या गोष्टी पाण्यात टाकून बघितल्या, त्याही तशाच नाचल्या. मला हे खूप आवडतं, म्हणजे त्यानं दगड आणून बघितला हे. आणि सरांचं ते वाक्यही पूर्ण खरं नव्हतं हे मला पुढे कळलं, कारण कितीतरी बॅक्टेरियांना पोहायला शेपटीच नसते, ते जिवंत असूनही धुळीसारखेच जागेवर थरथरतात, आणि ते जिवंत आहेत की नाही हे बघायचं तर ते वाढतायत का, त्यांचे दोन होतायत का याची वाट बघत बसावं लागतं. हलतंय म्हणून जिवंत नाही आणि जागा सोडत नाही म्हणून मेलेलंही नाही. पहिल्या महिन्यात शिकलेली ही गोष्ट मी पुढच्या चार वर्षांत पार विसरले, तेच सांगायला आज बसलीये, पण त्याआधी हे काम असतं तरी कसं ते थोडं सांगते.

ई. कोलाय हा माझा बॅक्टेरिया, जवळजवळ सगळं आयुष्य त्याच्याबरोबरच गेलंय. साधारण दोन मायक्रॉन लांब आणि एक मायक्रॉनपेक्षा थोडा कमी रुंद. एका मिलिमीटरमध्ये एकापुढे एक असे पाचशे बसतील. आणि दिसणाऱ्या प्रकाशानं बघायचं म्हटलं तर एक भिंत आड येते, १८७३ साली अर्न्स्ट आबेनं ती दाखवून दिली, दोन ठिपके साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा, म्हणजे मायक्रॉनच्या पाचव्या भागापेक्षा, जवळ असले तर लेन्स कितीही चांगली घासा, ते एकच दिसतात. म्हणजे माझ्या पेशीच्या रुंदीत वेगवेगळे ओळखू येतील असे ठिपके मावतात जेमतेम चार. कॅमेऱ्यावर ती पेशी येते तेव्हा लांबीला तीसेक पिक्सेल आणि रुंदीला बारा-तेरा. एवढ्या चित्रावरून आत कुठे काय ठेवलंय हे सांगायचं. मी संशोधनाच्या पेपरमध्ये छापून आलेली मोठी, स्वच्छ, रंगीत चित्रं बघून या क्षेत्रात आले होते, आणि स्क्रीनवर पहिल्यांदा तो करड्या चौकोनांचा छोटासा ढिगारा बघितला तेव्हा मला खरंच वाटलं की आपल्या कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे.

अशा वेळी मला तो डेल्फ्टचा कापड व्यापारी आठवतो, लेवनहूक. धातूच्या दोन छोट्या पट्ट्यांमध्ये बसवलेली एकच इवलीशी लेन्स, ती डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे तोंड करून बघायचं, आणि त्यातून त्या माणसानं बॅक्टेरिया बघितले. १६७६ च्या पत्रात त्यानं पाण्यातल्या या बारक्या जीवांबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं तर लोकांचा विश्वास बसेना. मग त्यानं आपल्या ओळखीतल्या प्रतिष्ठित लोकांना ते दाखवलं आणि त्यांच्या साक्षी लिहून पाठवल्या, आणि १६७७ मध्ये रॉबर्ट हूकनं स्वतः खटपट करून ते जीव सोसायटीतल्या लोकांना दाखवले तेव्हा कुठे ते मान्य झालं. लेवनहूकनं आपली सगळ्यात चांगली लेन्स कशी करतो हे कुणाला सांगितलं नाही. त्याच्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे पण हे मात्र मला पटत नाही, कारण मला दिसलं म्हणून भागत नाही, दुसऱ्यालाही दिसायला पाहिजे, आणि मी सांगितलं म्हणून नाही तर त्याचं त्याला.

मधली दोनशे वर्षं मी इथे सोडून देते. रंगांची गोष्ट मात्र थोडक्यात सांगते कारण बॅक्टेरिया मुळात पाण्यासारखे पारदर्शक असतात, आणि त्यांना बघायचं तर काहीतरी युक्ती लागतेच. १८८४ साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या हान्स क्रिस्टियन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं रंग, आयोडीन आणि अल्कोहोल अशा क्रमानं केलेली एक पद्धत छापली, त्यात काही जातींमध्ये रंग टिकला आणि काहींमध्ये धुऊन गेला. पद्धत अजून अपुरी आहे असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे तो रंग टिकणं आणि न टिकणं हाच बॅक्टेरियांचे दोन मोठे गट पाडायचा मार्ग झाला, कारण दोघांच्या पेशीच्या भिंतीच वेगळ्या असतात. पण रंगवलेली पेशी मेलेली असते. मला ती कधीच पुरली नाही. फ्रिट्स झेर्निकेनं १९३० च्या दशकात फेज कॉन्ट्रास्ट शोधलं त्यामुळे पेशी न मारता नीट बघता यायला लागली. पेशीतून जाताना प्रकाश किंचित मागे पडतो, डोळ्याला ते मागे पडणं दिसत नाही, डोळ्याला फक्त कमी-जास्त उजेड कळतो, तर झेर्निकेनं त्या मागे पडण्याचंच उजेडात रूपांतर करून टाकलं. १९५३ चं नोबेल त्याला यासाठी मिळालं. आजही रोज सकाळी मायक्रोस्कोप सुरू केला की आधी फेजमध्येच बघते, करड्या पार्श्वभूमीवर काळसर कांड्या, कडेनं उजळ झालर, आणि त्या दिसल्या की माझा दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो.

पहिल्या दिवशी दिसलेल्या त्या अडखळण्याला नाव आहे हे मला महिनाभरानं कळलं. हॉवर्ड बर्गनं एका पोहणाऱ्या बॅक्टेरियाचा पाठलाग करणारा मायक्रोस्कोप बांधला, पेशी सरकली की स्लाइडच तेवढी उलटी सरकायची म्हणजे पेशी कायम मधोमध, आणि १९७२ साली त्यानं दाखवलं की ई. कोलाय साधारण सेकंदभर सरळ पळतो, मग क्षणभर कोलांटतो, मग पुन्हा सरळ. शेपटी फिरते कशी हे तर त्याहून सुंदर आहे. ती इतकी बारीक, वीसेक नॅनोमीटर जाडीची, की साध्या मायक्रोस्कोपला सहजी दिसतच नाही, त्यामुळे ती चाबकासारखी वळवळते की पंख्यासारखी गोल फिरते यावर वाद होता. १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी शेपटीच काचेला चिकटवून टाकली. शेपटी अडकली, मग अंगच गोल गोल फिरायला लागलं, आणि अंग तर दिसतं! न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीच्या गळ्यात बांधायची. मी पहिल्यांदा तशी स्लाइड स्वतः केली, काचेला चिकटून गरगरणाऱ्या पेशी बघितल्या, उजवीकडे, मग थबकून डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि त्या दिवशी घरी जायला खूप उशीर झाला.

मग आलं जीएफपी, आणि सगळंच बदललं. ओसामू शिमोमुरानं १९६२ साली एका जेलीफिशमधून हे हिरवं चमकणारं प्रोटीन वेगळं केलं होतं, १९९४ मध्ये मार्टिन शाल्फीच्या गटानं त्याचं जीन ई. कोलायमध्ये घातलं आणि ई. कोलाय हिरवा चमकला. आता आपल्याला हव्या त्या प्रोटीनच्या शेपटाला हे जीएफपी जोडायचं, त्याला आम्ही टॅग म्हणतो, निळा प्रकाश टाकायचा आणि प्रोटीन जिवंत पेशीत कुठे आहे ते बघायचं. बॅक्टेरिया म्हणजे प्रोटीनं भरलेली एक पिशवी, आत काही रचना नाही, असं तोवर बरेच लोक मानत. १९९१ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर एफटीएसझेड नावाचं प्रोटीन पेशीच्या बरोब्बर मधोमध, जिथे ती दुभागणार तिथे, कडं करून बसलेलं दिसलं, आणि टॅग आल्यावर तर एकामागून एक प्रोटीनं आपापल्या जागा दाखवायला लागली, कुणी टोकाला, कुणी मधे, कुणी भिंतीलगत.

यातलं मला सगळ्यात प्रिय आहे ते मिन. पेशीला आपला मध्य कसा कळतो? तिच्याकडे पट्टी नाही, डोळे नाहीत. तर मिनडी नावाचं प्रोटीन एका टोकाला जमा होतं, मग तिथून सुटून दुसऱ्या टोकाला जमतं, मग परत, साधारण मिनिटभरात एक फेरी, आणि त्याच्याबरोबर जाणारं मिनसी कडं तयार होऊ देत नाही. दोघांचा वेळ जातो टोकांशी, सरासरी सगळ्यात कमी मधे, म्हणून कडं मधेच होतं. हे १९९९ साली रास्किन आणि दि बूर यांना दिसलं, आणि दिसलं कारण त्यांनी एकामागून एक अशी चित्रं घेतली. एकच फोटो काढला असता तर काय दिसलं असतं? काही पेशींचं डावं टोक चमकतंय, काहींचं उजवं. कुणीही हुशार माणसानं त्यावरून लिहिलं असतं की हे प्रोटीन पेशीच्या एकाच टोकाला राहतं, आणि त्याला टक्केवारी जोडली असती. मी विद्यार्थ्यांना मिनचा व्हिडिओ दाखवायच्या आधी नेहमी त्यातली एकच फ्रेम दाखवते आणि काय दिसतंय ते वहीत लिहायला सांगते. मग व्हिडिओ चालू करते. खोलीत त्या वेळी जी शांतता होते ना, त्याच्यासाठी मी हा तास दरवर्षी मागून घेते.

तर माझं प्रोटीन. नाव सांगत नाही, कारण त्याच्यावर मनापासून काम करणारे लोक आहेत आणि माझ्या कहाणीशी त्यांचा संबंध नाही. त्याच्या बऱ्याच प्रती एकत्र येऊन गोल कडं करतात एवढं पुरे. मी त्याला टॅग जोडला, अगारोजच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, पातळ पॅडवर पेशी ठेवल्या, निळा प्रकाश टाकला, आणि दहातल्या नऊ पेशींत टोकाला, ज्याला आम्ही ध्रुव म्हणतो तिथे, एक लखलखीत ठिपका. एकच. गोल. इतका स्वच्छ की सेमिनारमध्ये मागच्या रांगेतूनही दिसायचा. पेशी दुभागली की ठिपका एका लेकीकडे जायचा, दुसरीकडे थोड्या वेळानं नवा तयार व्हायचा. मी त्यावर अडीच वर्षं घालवली. ठिपका कधी येतो, किती मोठा होतो, जुन्या ध्रुवावर जास्त की दुभागताना तयार झालेल्या नव्या, उपासमार केली तर काय, उष्णता वाढवली तर काय, पन्नास हजारांच्या वर पेशी मोजल्या असतील. एका पेशीच्या दोन लेकींचं नशीब वेगळं का होतं याचं उत्तर या ठिपक्यात आहे असं मला वाटायला लागलं होतं, आणि ते वाटणं किती सुखाचं होतं हे मी आज लपवणार नाही.

हे सगळं होतं कसं तेही सांगते, नाहीतर नुसतं ठिपका दिसला ठिपका दिसला असं वाटेल. पॅड जरा वाकडा झाला की अर्ध्या पेशी फोकसच्या बाहेर. लेन्स आणि काचेच्या मधे घालतो त्या इमर्शन ऑइलमध्ये एक बुडबुडा अडकला की सगळं धूसर. खोलीचं तापमान अर्धा अंश बदललं तरी धातू प्रसरतो आणि फोकस हळूच निसटतो, आणि तुम्ही जेवून परत येता तर चार तासांची फिल्म म्हणजे नुसतं धुकं. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे निळा प्रकाश पेशीला सोसत नाही. जितकं जास्त बघाल तितकी ती आजारी पडते, वाढ मंदावते, लांबच लांब होते, दुभागतच नाही. त्यामुळे बघण्याचाही हिशोब ठेवावा लागतो, दोन मिनिटांनी एक फ्रेम, त्यात प्रकाश क्षणभरच. म्हणून आम्ही कंट्रोल घेतो, टॅग नसलेल्या साध्या पेशी, त्याच पॅडवर, त्याच प्रकाशात. त्यांच्यात बघण्यासारखं काही नसतं. त्या बिचाऱ्या वाढतात आणि दुभागतात. मी प्रत्येक प्रयोगात त्यांची फिल्म घ्यायचे आणि न बघता हार्ड डिस्कवर टाकून द्यायचे.

त्याच सुमारास एमआरईबीचा गोंधळ झाला. हे प्रोटीन कांडीला कांडीचा आकार देतं, आणि २००१ साली ते पेशीच्या आत भिंतीलगत मळसूत्रासारखं गुंडाळलेलं दिसलं होतं. किती देखणी चित्रं होती ती! माझ्या पिढीतले निम्मे लोक त्या चित्रांवर मोठे झाले. २०११ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जास्त बारकाईनं बघितलं तर मळसूत्र नव्हतंच, छोटे छोटे तुकडे होते, पेशीच्या परिघाभोवती आडवे फिरणारे, आणि त्यांना फिरवत होतं भिंत बांधण्याचं काम, बांधकाम थांबवलं की तेही थांबत. पुढच्याच वर्षी दोघांनी दाखवलं की ई. कोलायच्या एका खूप वापरल्या गेलेल्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे वाणामध्ये, तर ते मळसूत्र टॅगमुळेच तयार होत होतं. आमच्या जर्नल क्लबमध्ये हे पेपर मीच मांडले. छान मांडले, सगळ्यांनी कौतुक केलं. आणि स्वतःच्या ठिपक्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मला ती दुसऱ्याची गोष्ट वाटली. याचं मला आजही नवल वाटतं, तासभर उभं राहून मी एक गोष्ट लोकांना समजावून सांगितली आणि ती माझ्यापर्यंत पोचली नाही.

तशी ही पहिली वेळही नव्हती. १९५० च्या दशकापासून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काही बॅक्टेरियांच्या आत पातळ पडद्याच्या घड्या दिसायच्या, त्यांना मेसोसोम असं नाव मिळालं, श्वसनापासून डीएनए वाटण्यापर्यंत कामंही नेमून दिली गेली. १९७० च्या दशकात पेशी रसायनं न वापरता झटकन गोठवून बघितल्या तर घड्या गायब. पेशीला बघण्यासाठी तयार करताना जी रसायनं वापरायचे त्यांनीच त्या पाडल्या होत्या. पाठ्यपुस्तकांतून मात्र मेसोसोम पुढेही बरीच वर्षं जाईना. ज्यांनी त्यावर काम केलं ते काही बेफिकीर लोक नव्हते. त्यांना ते दिसत होतं, पुन्हा पुन्हा दिसत होतं, दुसऱ्या लॅबमध्येही दिसत होतं. लेवनहूकला जी कसोटी लावली ती मेसोसोमनं पार केली होती. सगळ्यांना दिसत होतं, कारण सगळे एकाच रीतीनं बघत होते.

२०१२ मध्ये एक पेपर आला. टोकाला ठिपके करणाऱ्या एका प्रोटीनवर, तेही कडं करणारंच, वेगवेगळे टॅग लावून बघितले होते, आणि ठिपका बऱ्याच टॅगबरोबर दिसत होता पण जे टॅग एकमेकांना अजिबात चिकटत नाहीत त्यांच्यात ठिपकाच नव्हता. जीएफपीला दुसऱ्या जीएफपीशी किंचित ओढ असते. एकटं असताना ती काहीच नाही, पण सहा-सहा टॅग एका कड्यावर बसले की ती ओढ सहापट कामाला लागते, कडी कड्यांना चिकटतात, गोळा होतो. आणि गोळा टोकालाच का जातो? कारण पेशीचा मध्य डीएनएनं गच्च भरलेला असतो, मोठी वस्तू तिथे मावत नाही, ती आपोआप टोकाला ढकलली जाते. माझ्या ध्रुवाला त्यात काही खास बोलावणं नव्हतं, तिथे फक्त जागा रिकामी होती. सरांनी पेपर माझ्या टेबलावर ठेवला, काही बोलले नाहीत, फक्त जाताना म्हणाले, "टॅग बदलून बघ."

टॅगमध्ये एक अमिनो आम्ल बदललं की ती ओढ जाते. एकच. स्ट्रेन करायला तीन आठवडे लागले. पॅडच्या एका बाजूला नवा स्ट्रेन, दुसऱ्या बाजूला नेहमीप्रमाणे टॅग नसलेला कंट्रोल, मायक्रोस्कोप आपोआप दोन्हीकडे जाऊन दर दोन मिनिटांनी फ्रेम घेणार. संध्याकाळी सुरू केलं. पहिल्या फ्रेममध्ये ठिपका नव्हता, मी म्हटलं पेशी अजून रुळल्या नसतील. दहाव्या फ्रेमला नव्हता. तिसाव्या फ्रेमला पहिल्या पेशी दुभागल्या, आणि सगळ्या लेकी सारख्याच, टोकापासून टोकापर्यंत एकसारख्या मंद हिरव्या. मी कॉन्ट्रास्ट वाढवला. सॉफ्टवेअरमध्ये एक ऑटो बटण असतं, ते दाबलं की जे काही आहे ते ताणून पूर्ण उजेड-अंधारात बसवलं जातं, आणि मग रिकाम्या चित्रातही काहीबाही दिसायला लागतं, हे मी इतरांना शिकवायचे. त्या रात्री मी ते बटण कितीदा दाबलं असेल. एकेका कणाकडे बघून वाटायचं हा असेल, पुढच्या फ्रेमला तो नसायचा. शेवटी तीन तास होत आले, एकेका पेशीच्या आठ-आठ झाल्या, आठही एकसारख्या, आणि मग मी बघणं सोडून दिलं.

सर दुसऱ्या दिवशी म्हणाले की थीसिसचा अर्धा अध्याय गेला पण पेशीत गोळे कसे वाटले जातात याचं उत्तम मोजमाप तुझ्याकडे आहे, तेही खरंच आहे, लिही. लिहिलं. थीसिस झाला. त्या अध्यायाचा एक पेपरही झाला, छोटा, आणि प्रामाणिक.

पुढच्या वर्षांमध्ये माझ्या कामाची तऱ्हाच बदलली, मला बॅक्टेरियापेक्षा बघण्यातच जास्त रस वाटायला लागला. कॅमेरा रंग बघत नाही, तो फक्त आकडे देतो, शून्यापासून ६५,५३५ पर्यंत, हिरवा आणि गुलाबी आपण नंतर भरतो, आणि कुठला आकडा किती उजळ दाखवायचा हेही आपणच ठरवतो. एकदा माझ्या व्याख्यानानंतर एक ज्येष्ठ संशोधक भेटले, म्हणाले, "तुम्ही लाल आणि हिरवं एकावर एक आलं म्हणालात, मला दोन्ही एकच दिसत होते, मी तुमच्यावर विश्वास ठेवला." हे मला फार लागलं. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि आमच्या क्षेत्रानं वर्षानुवर्षं नेमके हेच दोन रंग वापरले. तेव्हापासून माझ्याकडे हिरव्याबरोबर किरमिजी, आणि प्रत्येक रंगाचं करडं चित्र शेजारी वेगळं. कायमोग्राफ हाही माझा आवडता प्रकार, पेशीची लांबी एका अक्षावर आणि वेळ दुसऱ्यावर, म्हणजे अख्खी फिल्म एका चित्रात मावते आणि मिनडीचं येणंजाणं नागमोडी नक्षीसारखं कागदावर उतरतं. कुणी नुसता व्हिडिओ दाखवला की मी आधी कायमोग्राफ मागते, व्हिडिओत डोळा हवं तिथे बघतो.

आता मोजणं बरंचसं कॉम्प्युटर करतो. पेशीची कड कुठे संपते, शेजारची कुठे सुरू होते, याला सेगमेंटेशन म्हणतात, मी ते माउसनं एकेक रेघ ओढत केलंय, माझी विद्यार्थिनी न्यूरल नेटवर्ककडून, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या प्रोग्रामकडून, करून घेते. त्या नेटवर्कला शिकवायला भरपूर साध्या फिल्म लागतात, फेज कॉन्ट्रास्टमधल्या, नीट वाढणाऱ्या, काहीही न केलेल्या पेशींच्या. अशा फिल्म कुणाकडेच फारशा नसतात, कारण ज्यात काही नाही त्याची फिल्म कोण जपून ठेवतं. मी तिला जुनी हार्ड डिस्क दिली. अडीच वर्षांचे कंट्रोल, चाळीसच्या वर फिल्म, सगळ्या एकाच कॅमेऱ्यावर, एकाच अंतरानं घेतलेल्या. तिला घबाड सापडल्यासारखं झालं. माझ्या सगळ्या कामातला आज सगळ्यात जास्त वापरला जाणारा डेटा तोच आहे, दुसऱ्या लॅबमधली मुलंही मागून नेतात, आणि त्यातली एकही फिल्म मी तेव्हा शेवटपर्यंत बघितली नव्हती.

मागच्या आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. "मॅडम, एक विचारायचं होतं. या फिल्ममध्ये सगळं ठीक चाललंय आणि फ्रेम ८७ ला एकदम सगळ्या पेशी तिरप्या सरकतात. चौदा पिक्सेल. ना आधी काही, ना नंतर. पॅड घसरला असेल का?"

मी तारीख बघितली. फाइलच्या नावात स्ट्रेनचा नंबर होता, आणि शेजारी माझ्याच पद्धतीनं लिहिलेलं, नवा टॅग, पॅडची उजवी बाजू कंट्रोल. दोन मिनिटांनी एक म्हणजे फ्रेम ८७ ला १७४ मिनिटं. तेव्हा खोलीत दिवे बंद होते, स्क्रीनवर आठ-आठ एकसारख्या हिरव्या पेशी होत्या, आणि मी खुर्ची पुढे ओढून मायक्रोस्कोपच्या टेबलावर हात आडवे ठेवले होते आणि त्यावर डोकं टेकलं होतं.

"पॅड नाही," मी म्हटलं. "टेबलाला धक्का लागला होता."

"मग दुरुस्त करू ना?"

"कर."

तिनं आकडे टाकले, पुढच्या सगळ्या फ्रेम चौदा पिक्सेल मागे ओढल्या आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून चालवली. कांड्या लांब होत गेल्या, मधे चिमटल्या, एकीच्या दोन, दोनाच्या चार. ८७ आली आणि गेली. पुढे काय होतं ते मी पहिल्यांदाच बघत होते.